दूरस्थ प्रात्यक्षिक : तयारी पाहणाऱ्याचीही हवी

'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. वस्तू धड न पाहताच तिचा भाव ठरविणाऱ्याला उद्देशून ती वापरली जाते. व्यापारी कुटुंबांत तर ती लहानपणापासून कानावर पडते. तरीही हिशेबाचे सॉफ्टवेअर घेण्याची वेळ आली की, एरवी सुताच्या गाठीपासून गुळाच्या ढेपेपर्यंत प्रत्येक गोष्ट हाताने चाचपून घेणारे आपले व्यापारी बंधू ही म्हण विसरतात, असा माझा अनुभव आहे. बेंगळुरूमधल्या एखाद्या कार्यालयातून कोणीतरी पडद्यावर पाऊण तास रंगीत तक्ते दाखवितो, दुकानात चहा घेत घेत आपण ते पाहतो, 'छान आहे' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पैसे पाठवून देतो. म्हैस पाण्यातच राहते.

बँकेच्या सेवेतील अखेरची काही वर्षे मी बेंगळुरूमध्ये काढली. लहान उद्योजकांच्या खात्यांशी तेथे रोजचा संबंध आला. निवृत्तीनंतरही येथेच राहत असल्यामुळे जुने ग्राहक अजूनही सल्ला विचारायला येतात. त्या अनुभवाच्या आधारे एक मत वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते. सॉफ्टवेअरचे दूरस्थ प्रात्यक्षिक ही अतिशय उपयुक्त सोय आहे. मात्र ते कसे व्हावे, हे विक्रेत्याने ठरविण्याऐवजी खरेदीदाराने ठरविले पाहिजे. आणि तसे ठरवायचे, तर खरेदीदाराला थोडे कष्ट घ्यावे लागतील.

दुरून दाखविण्याचे शहर

दुरून दाखविण्याची कला बेंगळुरूला नवी नाही. भारताचा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह 'ॲपल' १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून अवकाशात गेला. त्यापूर्वी त्याच्या अँटेनाची चाचणी घेताना तो बैलगाडीवर ठेवला होता. धातूच्या वाहनाचा अडथळा चाचणीत येऊ नये, एवढेच त्यामागचे कारण. ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बेंगळुरूमध्ये आपले केंद्र उघडले आणि येथे केलेले काम उपग्रहाच्या दुव्याने समुद्रापार पोहोचू लागले. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये याच शहरात आली. पुढे तिचीच 'फिनॅकल' ही प्रणाली अनेक राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांत येऊन बसली. आज आपण काउंटरवर पासबुक देतो आणि ते क्षणात छापून मिळते, त्यामागे बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन यांच्या समित्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या शिफारशींपासून सुरू झालेला मोठा प्रवास आहे.

परंतु लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहूनही जवळची गोष्ट आहे ती 'टॅली'ची. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. स्वतःचे हिशेब सांभाळू शकेल असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात सापडेना. तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले पुत्र भरत यांनाच ते तयार करायला सांगितले. १९८६ मध्ये सुरू झालेली ती कंपनी प्रथम 'प्यूट्रॉनिक्स' या नावाने ओळखली जात असे. १९९९ मध्ये तिचे नाव टॅली सोल्युशन्स झाले. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ही कथा सहसा यशाची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला पहिला प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. एका व्यापाऱ्याने बाजारात उपलब्ध असलेली साधने पाहिली आणि 'माझी वही यात बसत नाही' असे ठामपणे म्हटले. त्याला संगणकाचे ज्ञान असण्याची गरज नव्हती. स्वतःच्या वहीचे पुरेपूर ज्ञान होते, तेवढे पुरले. देशभरच्या दुकानांत पोहोचलेल्या एका सॉफ्टवेअरचा जन्म ग्राहकाच्या नकारातून झाला, हे ध्यानात ठेवले तर प्रात्यक्षिक पाहताना आपण कोणत्या भूमिकेत बसावे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रवास गेला आणि तयारीही गेली

पूर्वी सॉफ्टवेअर दाखवायला माणूस प्रत्यक्ष येत असे. रात्रीच्या गाडीने निघून तो सकाळी मिरजेला किंवा कोल्हापूरला उतरे. त्याच्या येण्याचा खर्च होई, म्हणून विक्रेता निवडक ठिकाणीच त्याला पाठवी. आणि 'माणूस मुद्दाम येतो आहे' म्हणून दुकानदारही त्या दिवशी वह्या काढून ठेवी, हिशेबनिसाला बोलावून घेई, जमल्यास कर सल्लागारालाही निरोप धाडी. दिवसभर बसून काम होई. त्या अडचणीचा हा एक फायदा होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पडद्यावरून भेटणे सर्वांच्या अंगवळणी पडले. येण्याजाण्याचा खर्च संपला, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. आटपाडी किंवा निपाणीसारख्या गावातील दुकानदाराला आज जे पाहायला मिळते, ते त्याला पूर्वी कधीच पाहायला मिळाले नसते. परंतु खर्चाबरोबर गांभीर्यही गेले. विक्रेता एका दिवसात पाच ठिकाणी तेच प्रात्यक्षिक दाखवितो. त्यासाठी त्याने एक नमुना कंपनी तयार ठेवलेली असते. तिच्यात दहा वस्तू, पाच ग्राहक, सर्व बिले वेळेवर वसूल झालेली आणि मालसाठा जुळलेला! अशी कंपनी प्रत्यक्षात मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नाही. आणि पाहणाराही दुसरे काम करता करता पाहतो. मोफत मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

एक प्रसंग

याचा परिणाम काय होतो, हे मी जवळून पाहिले आहे. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत मूळचे बेळगावकडील एक गृहस्थ लेथवर सुटे भाग कातून देण्याचा कारखाना चालवीत. काही माल स्वतः घेऊन विकायचा आणि काही काम मजुरीवर, म्हणजे लोखंड ग्राहकाचे व कातकाम यांचे, असे दोन्ही प्रकार होते. हिशेब एक वयस्कर हिशेबनीस पाहत. मजुरीसाठी आलेल्या मालाची त्यांनी लाल पुठ्ठ्याची वेगळी वही ठेवली होती आणि ती वही ते जिवापाड जपत.

कारखान्याने नवे सॉफ्टवेअर घेतले. प्रात्यक्षिक पडद्यावरून झाले. मालक आणि त्यांचे चिरंजीव यांनी ते पाहिले. ते इंग्रजीत होते, म्हणून हिशेबनिसांना बोलावलेच नाही. आवक, जावक, बिल, करविवरण हे सर्व झकास दिसले. लाल वहीविषयी कोणी विचारले नाही, कारण तिचे महत्त्व ज्यांना ठाऊक होते ते शेजारच्या खोलीत बसून होते.

पुढे चार महिने मजुरीसाठी आलेले लोखंड नव्या प्रणालीत स्वतःच्या मालसाठ्यातच जमा होत राहिले. त्याच आकड्यांवरून दरमहा बँकेला मालसाठ्याचे विवरणपत्र जात होते. आकडे सोपे करून सांगतो. येणी आणि धनको तूर्त बाजूला ठेवू. स्वतःचा माल १८ लाखांचा आणि ग्राहकांचा १४ लाखांचा. विवरणपत्रात ३२ लाख. २५ टक्के मार्जिन वजा केल्यावर कॅश क्रेडिट खात्यातून २४ लाख उचलता येतील असे दिसत होते, प्रत्यक्षात ती मर्यादा साडेतेरा लाखांचीच होती. साठ्याची तपासणी झाली तेव्हा साडेदहा लाखांचा फरक उघड झाला. उचललेली रक्कम मर्यादेबाहेर गेलेली, त्यावर दंडाची आकारणी आणि तीन महिने पुरवठादारांपुढे हात जोडणे, अशी त्यांची अवस्था झाली. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. परंतु बँकेला पाठविलेले चुकीचे विवरणपत्र प्रामाणिक चुकीतून आले की हेतूपूर्वक, हे कागदावर दिसत नाही. ती फाइल वर पाठविताना माझा हात जड झाला होता, हे आजही आठवते.

यात सॉफ्टवेअर वाईट होते असे मी म्हणणार नाही. मजुरीच्या मालासाठी वेगळे गोदाम दाखविण्याची सोय त्यात होती. ती कोणी मागितली नाही, म्हणून कोणी दाखविली नाही. विक्रेत्याने फसविले नाही आणि खरेदीदाराने निष्काळजीपणा केला असेही त्या वेळी कोणाला वाटले नसते. दोघांनी मिळून पाऊण तास एका काल्पनिक कंपनीचा कारभार पाहिला, एवढेच.

गलाईवाल्यांकडून शिकण्यासारखे

आता दुसरा प्रसंग. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागातील मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. दक्षिणेतल्या शहरांतही त्यांची दुकाने आहेत. बेंगळुरूच्या पेठेतील असेच एक गलाई व्यावसायिक माझ्या परिचयाचे. त्यांचे दुकान येथे, परंतु हिशेब मात्र विट्याला, गावाकडील घरी बसून त्यांचे नात्यातले तात्या पाहतात. सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले तेव्हा त्यांनी विक्रेत्याला सांगितले, "साहेब, आम्ही सोनं चकाकतंय म्हणून घेत नाही. कापतो, मुशीत घालतो, टंच काढतो, मग भाव बोलतो. तुमच्या मालालाही तेवढं करू द्या."

त्यांनी आपल्या वहीतील दहा व्यवहार निवडले. नावे आणि नोंदणी क्रमांक बदलले आणि ते कागद चार दिवस आधी विक्रेत्याकडे पाठविले. त्यातला एक व्यवहार असा होता : २५० ग्रॅम जुने दागिने गाळायला आले, गाळल्यावर वजन २४८.६०० ग्रॅम भरले, टंच ८८.४० निघाला, तेव्हा शुद्ध सोने २१९.७६२ ग्रॅम झाले. एकाच नोंदीत मूळ वजन, गाळीव वजन, घट, टंच आणि शुद्ध वजन असे पाच आकडे, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत, बसतात का? सोन्याचा कर वेगळा आणि मजुरीचा वेगळा. दोन्ही एकाच ग्राहकाच्या खात्यावर नीट पडतात का? ग्राहकाने पैशांऐवजी सोनेच परत मागितले तर खाते ग्रॅममध्ये राहते का?

ठरल्या दिवशी तीन ठिकाणी तीन माणसे बसली. बेंगळुरूच्या एका टोकाला दाखविणारी तरुण मुलगी, दुसऱ्या टोकाला पेठेतील दुकानात मालक आणि विट्याला तात्या. भाषा हिंदी ठरली होती, मध्ये मध्ये मराठी. पाचव्या नोंदीनंतर तात्यांनी विचारले, "ताई, हे बिल आता रद्द करा. आणि रद्द केलेलं कुठं दिसतंय, ते दाखवा." ती मुलगी क्षणभर थांबली, नमुना प्रात्यक्षिकात हा प्रश्न कधी आलाच नसावा. मग तिने तो शोधून दाखविला. दहापैकी सात व्यवहार बसले, दोन थोड्या बदलाने बसविता येतील असे ठरले आणि एक, ग्रॅममधील खाते, बसलाच नाही. मालकांनी त्या दिवशी काही ठरविले नाही. आठवडाभराने विक्रेत्याने लेखी कळविले की ही सोय करून देऊ, त्याला एवढा वेळ आणि एवढा खर्च लागेल. मग व्यवहार झाला. दोघांचेही समाधान आहे.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या प्रसंगात विक्रेत्याने दाखविले ते पाहिले गेले. दुसऱ्यात खरेदीदाराने विचारले ते दाखविले गेले.

काय ठरवावे

माझ्या मते दूरस्थ प्रात्यक्षिक ठरविताना चार गोष्टी खरेदीदाराने स्वतःकडे ठेवाव्यात.

पहिली, माणसे. ज्याच्या बोटांना रोज काम करायचे आहे तो समोर हवाच. मालक पैसे देतो, परंतु नोंद हिशेबनीस करतो, बिल काउंटरवरचा मुलगा फाडतो आणि विवरणपत्र कर सल्लागार भरतो. या सर्वांनी पूर्ण वेळ बसण्याची आवश्यकता नाही. ज्याचा भाग त्याने पाहावा. भाषाही आधी ठरवावी. बेंगळुरूत मराठी तरुण-तरुणी मोठ्या संख्येने काम करतात. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपनीकडे 'मराठी बोलणारे कोणी आहे का' असे विचारण्यात संकोच कसला? हिशेबनिसाला समजणार नाही अशा भाषेतील प्रात्यक्षिक म्हणजे केवळ चित्रपट होय.

दुसरी, व्यवहार. स्वतःच्या वहीतील दहा नोंदी निवडाव्यात आणि त्यांत सोप्या नोंदी कमी, अडचणीच्या अधिक ठेवाव्यात : परत आलेला माल, आगाऊ रक्कम, मजुरीसाठी आलेला किंवा पाठविलेला माल, चुकून दुसऱ्याच्या नावे पडलेले बिल. जॉबवर्कसाठी पाठविलेला कच्चा माल वस्तू व सेवा कर कायद्यानुसार एका वर्षात परत यावा लागतो. त्या मुदतीची आठवण प्रणाली देते का, हे तेथेच पाहता येते. ज्यांची उलाढाल ५ कोटींहून अधिक आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-बीजक बंधनकारक झाले आहे. ते कसे निघते, हेही पाहावे. आणि कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारे, तो माग बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे आवश्यक आहे. विट्याच्या तात्यांनी विचारलेला प्रश्न कायद्याच्या भाषेत हाच आहे.

तिसरी, वेळ. वस्तू व सेवा कराचे विवरण मासिक भरणाऱ्यांसाठी महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे परीक्षेचे दिवस. त्यांच्या आसपास प्रात्यक्षिक ठेवू नये. मन ठिकाणावर नसते. दुकान उघडण्यापूर्वीचा तास उत्तम. आणि त्याच बैठकीत निर्णय देऊ नये. 'आजच घेतलेत तर इतकी सूट' असे ऐकू आले, तर सूट उद्याही मिळेल अशी खात्री बाळगावी.

चौथी, शेवट. सुरुवात सर्वच जण सुंदर दाखवितात. 'उद्या मला दुसरीकडे जायचे झाले तर माझ्या सर्व नोंदी मला कशा मिळतील, ते आता करून दाखवा' असे म्हणून पाहावे. त्याचप्रमाणे 'आता इंटरनेट बंद करा आणि बिल फाडून दाखवा' असेही म्हणावे. पावसाळ्यात तास तास संपर्क तुटणाऱ्या गावात या एका चाचणीने पुष्कळ प्रश्न सुटतात. जे कबूल झाले ते त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून पाठवावे.

पडदा त्याचा, तिजोरी आपली

येथे बँकेचा माणूस या नात्याने एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. प्रात्यक्षिकात विक्रेत्याने आपला पडदा दाखवायचा असतो. काही वेळा 'तुमच्याच संगणकावर बसवून दाखवितो, ताबा द्या' असे सुचविले जाते. बहुतेक वेळा हेतू चांगलाच असतो. परंतु ताबा देणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. ताबा दिलेल्या संगणकावर आपण जे करू शकतो ते सर्व समोरचा करू शकतो. आणि पडदा दिसू लागला की त्यावर उमटणारा एकवेळचा संकेतांकही त्याला दिसतो. ही दुरून ताबा घेणारी ॲप स्वतः वाईट नाहीत, दुरुस्तीसाठी ती रोज वापरली जातात. मात्र त्यांच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते आणि मार्च २०२२ मध्ये काढलेल्या 'बी-अवेअर' या पुस्तिकेतही या प्रकाराचे वर्णन आहे.

म्हणून साधा नियम पाळावा : ज्या संगणकावरून किंवा फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, तो प्रात्यक्षिकासाठी वापरू नये. दुसरा नसेल, तर घरातील मुलाचा घ्यावा. दुवा आपण मागितलेल्या विक्रेत्याकडूनच आला आहे, याची त्याच्या प्रसिद्ध क्रमांकावर उलट फोन करून खात्री करावी. खरी नावे, खरे खाते क्रमांक असलेली वही कधीही पाठवू नये. त्यात आपल्या ग्राहकांचीही माहिती असते आणि ती जपणे ही आपलीच जबाबदारी आहे. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाच्या दायित्वाविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिल्यामुळे नुकसान झाले तर बँकेला कळविण्यापर्यंतचे नुकसान त्यानेच सोसायचे, हे तत्त्व मांडले होते. तेव्हा काही विपरीत वाटले तर क्षणाचाही विलंब न करता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. लाजेपायी दवडलेला एक तास फार महाग पडतो.

विक्रेत्यांची बाजू

या लेखातील सूचना वाचून एखादा विक्रेता म्हणेल, 'प्रत्येक दुकानदाराच्या दहा नोंदी आधी बसवून दाखवायच्या, तर आम्ही धंदा कधी करायचा?' हा आक्षेप मला रास्त वाटतो. शंभर जणांनी मागितले आणि पाच जणांनीच घेतले, तर पंच्याण्णव जणांचा खर्च त्या पाचांच्या किमतीत जाणार, हे उघड आहे. म्हणून माझे मत असे की, पहिले ओळखीचे प्रात्यक्षिक मोफत असावे. परंतु स्वतःच्या नोंदींवर आधारलेल्या दुसऱ्या प्रात्यक्षिकासाठी खरेदीदाराने अल्पसे शुल्क द्यावे आणि खरेदी झाल्यास ते किमतीतून वजा व्हावे. अनेकांना हे पटणार नाही. 'बघायचेही पैसे?' असे ते विचारतील. परंतु घर घेताना आपण वकिलाला कागदपत्रे पाहण्याचे पैसे देतोच ना? ज्या वहीवर कर, कर्ज आणि पत अवलंबून आहे, तिच्यासाठी दोन तासांच्या गंभीर तपासणीचे मोल द्यायला हरकत नसावी. पैसे दिले की पाहणारा लक्ष देऊन पाहतो आणि घेतले की दाखविणारा तयारी करून येतो.

बँकांनीही यात आपला वाटा उचलावा, अशी माझी नम्र सूचना आहे. मालसाठ्याचे विवरणपत्र, ९० दिवसांहून जुनी येणी वगळण्याची पद्धत, मजुरीच्या मालाची वेगळी नोंद यांविषयी बँकेला काय हवे आहे, याचा एक पानाचा नमुना शाखेने कर्जदाराला आधीच दिला, तर तो कागद प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेत्यापुढे ठेवता येईल. पीण्याच्या त्या उद्योजकाच्या हाती असा कागद असता, तर पुढचा सर्व प्रकार टळला असता. तो कागद त्या वेळी मी दिला नव्हता. विवरणपत्र वेळेवर येते आहे, एवढ्यावर मी समाधान मानले, ही माझीही चूक होती.

एक काळ असा होता की, दुकानदाराची पत त्याच्या तोंडावर आणि शब्दावर ठरत असे. पुढे ती वहीवर ठरू लागली. आज वस्तू व सेवा कराची विवरणे, बँकेतील उलाढाल आणि सॉफ्टवेअरमधील नोंदी यांची क्षणात तुलना होऊ शकते आणि त्यावरून कर्ज द्यायचे की नाही, हे ठरते. वही आता केवळ आपली राहिलेली नाही. ती आपल्या वतीने बोलणारी साक्षीदार झाली आहे. ती काय बोलणार, हे ती बोलू लागण्यापूर्वीच तपासून घेण्याची संधी म्हणजे प्रात्यक्षिक.

पीण्याचे ते गृहस्थ आता सावरले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती घेतली, तेव्हा प्रात्यक्षिकाच्या दिवशी मला मुद्दाम बोलावले होते. मधल्या खुर्चीवर हिशेबनीस बसले होते आणि त्यांच्या मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही होती. मालक आणि चिरंजीव त्यांच्या मागे उभे होते. पडद्यावरील तरुणाने सुरुवात करण्यापूर्वी हिशेबनिसांनी वही उघडली आणि म्हणाले, "आधी हे पान बसवून दाखवा. बाकीचं मग बघू."